बांगडा, कॅप्सूल आणि एका जागी न बसणारा मुलगा

पत्र थोडक्यात असं आहे. मालवणजवळच्या एका गावातून एका आईने लिहिलंय. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. दुसरीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता, या जूनपासून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलाय, बसने जाऊन येऊन दीड तास. ऑगस्टपासून बाईंच्या तक्रारी सुरू झाल्या, जागेवर बसत नाही, मध्येच उठतो, दुसऱ्याच्या वह्या ओढतो, वही अर्धी कोरी. घरीही लहानपणापासून वळवळ्याच आहे. मुंबईच्या नणंदेने एक व्हिडिओ पाठवला की अशा मुलांच्या अंगात ओमेगा थ्री (माशाच्या तेलात असणारी एक चरबी) कमी असतं, त्यांना सारखी तहान लागते, कातडी कोरडी पडते, आणि पाठोपाठ फिश ऑइलच्या दोन बाटल्या पाठवल्या, साडेतीन हजारांच्या. सासूबाई म्हणतात, "दर्याच्या काठार रवतंव, पोराक रोज मासे गावतत, तेका गोळी कित्याक व्हयी?" या ताई घरी पर्यटकांना जेवण देतात. त्या लिहितात, "सुरमई-पापलेट पाहुण्यांच्या ताटात जातं, माझ्या मुलाला बांगडा. त्यामुळे त्याच्या मेंदूला काही कमी पडलं का? गोळ्या सुरू करू का? नणंदेला काय सांगू? आणि आजोबांजवळ जाळं शिवायला हाच मुलगा तासभर बसतो, मग शाळेतच काय होतं?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एका वाक्याशी थांबले, सुरमई पाहुण्यांना आणि बांगडा मुलाला. हे मनातून आजच काढून टाका. ज्या ओमेगा थ्रीसाठी नणंदबाईंनी बाटल्या पाठवल्या ते बांगड्यात, तारलीत, पेडव्यात भरपूर असतं, पापलेटपेक्षा जास्तच. माशाचा भाव चवीवर, काट्यांवर आणि हॉटेलवाल्यांच्या मागणीवर ठरतो, त्यातली चरबी कुठल्या जातीची आहे यावर नाही ठरत. पावसाळा संपल्यावरची तारली नुसती तव्यावर टाकली तरी स्वतःचं तेल सोडते हे तुम्ही कितीदा बघितलं असेल, बाटलीतलं तेल ते हेच, अशाच लहान तेलकट माशांपासून काढलेलं. तुम्ही मुलाला कमी दिलं नाहीत.

आता व्हिडिओबद्दल. त्यातलं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पाणी काढून टाकलं तर मेंदूच्या उरलेल्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग चरबीचा असतो, आणि त्यात डीएचए नावाचं ओमेगा थ्री फॅटी ॲसिड महत्त्वाचं, डोळ्याच्या पडद्यातही तेच. आपलं शरीर ते जवळजवळ बनवतच नाही, खाण्यातूनच यावं लागतं. इंग्लंडमध्ये १९८१ साली चंचल मुलांच्या पालकांच्या एका गटाने ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली, की या मुलांना तहान फार लागते, त्वचा कोरडी असते, म्हणजे फॅटी ॲसिडची कमतरता असेल. मग १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांना अशा मुलांच्या रक्तात ही फॅटी ॲसिडं खरंच सरासरीने कमी सापडली. तुमच्या नणंदेपर्यंत जे आलं ते इथून निघालेलं आहे, हवेतून नाही.

पण रक्तात कमी सापडणं वेगळं आणि त्यामुळेच मूल चंचल असणं वेगळं. तुमच्याच घरचं उदाहरण घेते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे त्या दोन महिन्यांत घरात ताजा मासा जवळजवळ नाहीच. आणि मुलाच्या तक्रारी आल्या ऑगस्टमध्ये. जोडायला बसलं तर काय सुंदर जुळतं बघा, मासे बंद झाले, ओमेगा थ्री घटलं, पोरगा बिथरला! पण त्याच जूनमध्ये त्याची शाळा बदलली, भाषा बदलली, मित्र बदलले, सकाळी एक तास लवकर उठणं आलं, बस आली. आणि मासे तर अख्ख्या किनाऱ्यावरच्या मुलांचे बंद झाले होते, त्या सगळ्यांच्या बाई काही तक्रार करत नाहीयेत. दोन गोष्टी एका वेळी घडल्या की आपलं मन त्यांची गाठ मारून मोकळं होतं, म्हणून तर मग प्रयोग करावे लागतात, अर्ध्या मुलांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही.

असे प्रयोग झालेत, बरेच. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम भागात ११७ मुलांवर झालेला एक खूप गाजला, तीन महिने गोळ्या घेतल्यावर वाचन, स्पेलिंग आणि वागणं सुधारलं असं दिसलं, आणि जाहिरातींत आजही त्याचाच धागा असतो. पण ती मुलं हालचालींचा ताळमेळ न जमणारी होती, सगळीच चंचल म्हणून निवडलेली नव्हती. मग २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वाचनात मागे असलेल्या ३६२ मुलांना १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए दिलं, वाचनात सगळ्यांचं मिळून काही फरक नाही पण सर्वात मागे असलेल्यांना थोडा फायदा दिसला, आणि २०१८ मध्ये त्यांनीच अशा मागे पडलेल्या मुलांवर तेच परत करून बघितलं तर तो फायदाही दिसला नाही. चंचलपणाचं म्हणाल तर २०११ च्या एका आढाव्यात, १० प्रयोग आणि ६९९ मुलं मिळून, थोडा फायदा निघाला, औषधांच्या मानाने बराच कमी. आणि २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३७ प्रयोग, २३०० च्या वर मुलं एकत्र तपासली, तेव्हा पालकांनी नोंदवलेल्या चंचलपणात आणि लक्ष लागण्यात खऱ्या गोळीत नि खोट्या गोळीत फरक नव्हता.

म्हणजे गोळी विष नाही, पण त्यावर तुमच्या मुलाचं वर्ष टांगून ठेवण्याइतका तिच्यात दम नाही. माझी खरी भीती तीच आहे, की "तीन महिने गोळ्या देऊन बघू" म्हणता म्हणता ज्या गोष्टी बघायला हव्यात त्या राहून जातील.

आता एक अभ्यास जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचं अर्धं उत्तर त्यात आहे. १९९४ चा, अमेरिकेतला. साखर खाल्ली की आमचा मुलगा उधळतो असं ठामपणे म्हणणाऱ्या आया आणि त्यांची पाच ते सात वर्षांची मुलं, ३५ जोड्या. अर्ध्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखरेचं सरबत दिलंय, आणि उरलेल्यांना सांगितलं की बिनसाखरेचं. खरं म्हणजे एकाही मुलाच्या पोटात साखर गेली नव्हती, सगळ्यांना तेच गोड लागणारं बिनसाखरेचं पेय. तरी ज्या आयांना "साखर दिलीय" सांगितलं होतं त्यांनी आपला मुलगा जास्त चंचल झालाय असं लिहून दिलं. इथपर्यंत ठीक, आईचं मन आहे. पण खोलीत चित्रीकरण चालू होतं, आणि त्यात दिसलं की याच आया मुलाच्या जास्त जवळ जवळ राहत होत्या, त्याच्यावर नजर ठेवून होत्या, जास्त टोकत होत्या. मूल तेच, पेय तेच, बदलली ती आईची नजर.

हे तुम्हाला दोष द्यायला नाही सांगत, मुळीच नाही. ऑगस्टपासून तुम्ही त्याच्याकडे बाईंच्या तक्रारीतून बघताय, आणि बाई त्याच्याकडे पहिल्या आठवड्यातल्या अनुभवातून बघतायत, आणि आता व्हिडिओ बघितल्यावर त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तरी तुमच्या पोटात गोळा येतोय, तुम्हीच लिहिलंय तसं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर धावणारं मूल पाणी पिणारच हो. फक्त एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, तहान खरंच अति असेल, रात्री उठून उठून पाणी आणि लघवी होत असेल, जेवूनही वजन उतरत असेल, तर फॅटी ॲसिडचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या, मुलांचा मधुमेह असाच सुरू होतो आणि त्यात दिवस घालवून चालत नाही.

बाकी, चंचल मूल आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याचा नि अतिचंचलपणाचा विकार, असलेलं मूल यात फरक आहे, आणि तो ना मी पत्रावरून सांगू शकते ना नणंदबाई व्हिडिओवरून. त्याची रक्ताची टेस्ट नाही, फॅटी ॲसिडची पातळी मोजूनही ते ठरत नाही. डॉक्टर बघतात ते हे, की ही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, सहा महिन्यांहून जास्त टिकलीयत का, आणि एकाच जागी नाही तर निदान दोन जागी, म्हणजे घरीही आणि शाळेतही, त्याला अडचणीत आणतायत का. तुमच्या पत्रात दोन्ही बाजूंचं आहे. घरी वळवळ्या आधीपासूनच, पण तक्रार नवी शाळा लागल्यावर. गावच्या शाळेतल्या गुरुजींकडे एकदा जाऊन बसा आणि विचारा की दोन वर्षं तो वर्गात कसा होता. त्यांचं उत्तर नणंदबाईंच्या दोन्ही बाटल्यांपेक्षा मोलाचं असेल. जर ते म्हणाले की तिथेही असंच होतं, फक्त मी त्याला फळा पुसायला आणि खडू आणायला उठवायचो, तर तपासणी करायचीच. आणि म्हणाले की छे, चांगला बसायचा, तर मग प्रश्न आधी भाषेचा आणि शाळेचा आहे. बाई बोलतात ते कळतच नसेल तर आठ वर्षांचं मूल दुसरं करणार काय, शेजारच्याची वहीच ओढणार.

एकदा माझ्याकडे एका मुलीला "लक्ष नाही, आहार सुचवा" म्हणून आणलं होतं, गुहागरकडची, नऊ वर्षांची. मी तिला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं तर ती उठून पार भिंतीला नाक लावून उभी राहिली. तिला फळाच दिसत नव्हता! म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हिमोग्लोबिन बघा. रात्री तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का ते बघा, टॉन्सिल-ॲडिनॉइड, म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठी, वाढल्यामुळे झोप तुटणारी मुलं दिवसा पेंगण्याऐवजी बऱ्याचदा उधळतात. आणि तुमच्याकडे पाहुणे रात्री अकरापर्यंत जेवत असतील, घरात दिवे, गडबड, हातात कुणाचा तरी मोबाईल, आणि सकाळी साडेसहाला बस, तर त्याची झोप किती तास होते ते एकदा मोजा. या वयाला नऊ तास तरी लागतात.

तपासणी कुठे करायची तर आधी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. सरकारीत म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या विकासाच्या तपासणीसाठी डीईआयसी नावाची जिल्हा केंद्रं आहेत, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, ओरोसला जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोनही आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि उद्या निदान एडीएचडीचं आलंच तर घाबरून जाऊ नका, त्यात पालकांना शिकवायच्या युक्त्या असतात, वर्गात करायचे बदल असतात, आणि गरज पडली तर औषधं असतात जी बऱ्याच मुलांना खरंच उपयोगी पडतात. "औषध नको, नैसर्गिक तेल बरं" एवढ्याच कारणाने त्या वाटेला टाळू नका.

आता स्वयंपाकघर, कारण खाण्याला काहीच अर्थ नाही असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम ईपीए (माशाच्या तेलातलंच दुसरं ओमेगा थ्री) आणि डीएचए मिळून मिळावं असं जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनी सुचवलंय, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बांगडा किंवा तारली पोटात गेली की तेवढं सहज होतं. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यातलं "रोज" एकदा तपासून बघा. कारण तुम्हीच लिहिलंय की नव्या शाळेत डब्याला मासे चालत नाहीत, संध्याकाळी तो दमून बिस्किटं खाऊन झोपतो, म्हणजे समुद्राकाठी राहूनही त्याच्या ताटात मासा फक्त रविवारी येत असेल. आणि तोही कडक तळलेला. तळला म्हणजे सगळं गेलं असं नाही, पण माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं, आणि पाहुण्यांच्या तळणीचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असेल तर मुलासाठी ते नकोच. त्यापेक्षा तिखलं करा तिरफळं घालून, नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजा, रस्सा भातावर घेतला की सुटलेलं तेलही पोटात जातं. तिखट त्याच्यापुरतं कमी. काटे त्याला स्वतःला काढायला शिकवा, हात गुंतलेला असला की तो ताटावर बसेल. फक्त बांगडा ताजा असू द्या, बर्फाशिवाय उन्हात राहिलेल्या बांगड्याने अंगावर गांध्या उठतात, तोंड लाल होतं, आणि शिजवल्यावरही ते जात नाही. मोठे शिकारी मासे, मुशीसारखे, मुलांना वारंवार नकोत, त्यांच्यात पारा जास्त साठतो, लहान माशांत ती भीती कमी.

सकाळी चहा-खारीवर जात असेल तर ते आधी बदला, उकड्या तांदळाची पेज आणि एक अंडं, दहा मिनिटांचं काम आहे. बंदीच्या दिवसांत सुका बांगडा चालेल पण त्यात मीठ फार, म्हणून अंडी, कडधान्यं जास्त. मासे न खाणाऱ्या घरांतूनही मला अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी सांगते, जवस आणि अक्रोडात ओमेगा थ्री असतं पण वेगळ्या रूपातलं, शरीर त्यातलं फार थोडं डीएचएत बदलतं, तरी घाटावरून जवस मागवून भाजून चटणी करून खाल्ली तर चांगलंच आहे, थोडी थोडीच कुटा, कुटलेलं लवकर खवट होतं. आणि डीएचए हवंच असेल तर समुद्री शेवाळापासून काढलेल्या शाकाहारी कॅप्सूलही मिळतात. खोबऱ्याबद्दल पण विचारतात, खोबरं चांगलं, पण त्यात ओमेगा थ्री नाही.

एक गोष्ट मात्र कमी कराच, दुकानातल्या त्या भडक पिवळ्या-केशरी नळ्या आणि रंगीत सरबतं. साखरेने मुलं चंचल होतात हे प्रयोगांत सिद्ध झालं नाही, पण काही कृत्रिम रंगांबद्दल २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासात काही मुलांवर परिणाम दिसला, आणि २०१० पासून युरोपात असे सहा रंग वापरले तर पाकिटावर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. आपल्याकडे पाकिटामागे १०२, ११०, १२२, १२४ असे आकडे असतात, चष्मा लावून बघा. फरक थोडाच पडेल, सगळ्यांना पडेल असंही नाही, पण ते बंद करून तुमचं काही जाणार नाही, उलट पैसे वाचतील.

बाटल्यांचं काय करायचं? त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं ते सगळ्या तेलाचं वजन, मागे बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए १२० एवढंच निघतं. कॉड लिव्हर ऑइल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात ए जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर अंगात साठतं. साधं फिश ऑइल असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर माशाचा वार नसेल त्या दिवशी एक द्या, खाण्याचाच भाग म्हणून, वागणूक सुधारायचं औषध म्हणून नाही, आणि "गोळी घेतलीस ना, मग आता शहाण्यासारखा बस" असं त्याला एकदाही म्हणू नका. नवीन बाटल्या मागवू नका.

नणंदबाईंना फोन करा, मेसेज नको. म्हणा, "वन्सं, तुम्ही काळजीने पाठवलंत, मला बरं वाटलं. डॉक्टरांना दाखवून घेतेय, त्याआधी त्याचे डोळे-कान तपासायचेत. दिवाळीत आलात की दोन दिवस त्याला तुमच्याजवळ अभ्यासाला बसवा, तुम्ही शहरातल्या, तुमचं इंग्रजी चांगलं." त्यांना काहीतरी करायचंय या मुलासाठी, ते असं होऊ दे.

आणि ते जाळं. आवडीच्या कामात तासभर बसतो म्हणून एडीएचडी नाही असं म्हणता येत नाही, त्या मुलांनाही आवडीच्या कामात गढून जाता येतं, म्हणून तपासणी टाळू नका. पण आजोबांजवळ नेमकं काय असतं ते बघा ना, हात सतत हलत असतो, काम छोटं असतं, एक फाटलेली जागा शिवून झाली की झाली, डोळ्यांना दिसते, आणि शेजारी एक माणूस न ओरडता तेच काम करत असतो. गृहपाठ तिथेच न्या, पडवीत, आजोबांच्या बाजूला. दहा मिनिटं वही, मग जाळ्याची एक जागा, मग परत दहा मिनिटं. दोन आठवडे करा, आणि किती वाजता बसला, किती वेळ बसला, आदल्या रात्री किती झोपला आणि काय खाल्लं एवढं रोज एका ओळीत वहीत लिहून ठेवा, डॉक्टरकडे जाताना ती वही सोबत न्या.